पंधरवड्याचे वजन

१० जुलै १९३० रोजी वणीच्या माधव श्रीहरी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापले आणि अटक करवून घेतली. वऱ्हाडात समुद्र नाही, मिठागर नाही. मिठाचा कायदा मोडायचा कुठे? म्हणून इथे जंगलाचा कायदा मोडला गेला. सरकारच्या लेखी गुन्हा चोरीचा होता. बापूजी अणे यवतमाळला वकिली करत, त्यामुळे भारतीय दंडविधानाचे ३७९ वे कलम त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिक्षा झाली सहा महिन्यांची. अकरा दिवसांनी, २१ जुलैला, यवतमाळच्या सत्याग्रहात डॉ. केशव बळिराम हेडगेवारही पकडले गेले आणि त्यांची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली.

या सत्याग्रहावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मिरवणुका, भाषणे, विळे, हारतुरे, सगळे आले आहे. तुरुंगाचे दार बंद झाले की वर्णन थांबते आणि सुटकेच्या दिवशी पुन्हा सुरू होते. मधल्या काळात माणसाच्या पोटात काय गेले आणि अंगावरून किती उतरले, हा प्रश्न आपल्या चरित्रकारांना फारसा पडलेला दिसत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. तुरुंगात माणसाने काय सोसले, याच्या आठवणी मागाहून वाढतात किंवा झिजतात. काट्यावरचा आकडा मात्र त्याच दिवशी लिहिला जातो. आणि तो लिहिणे कायद्यानेच बंधनकारक केले होते.

१८९४ चा नववा कायदा, म्हणजे तुरुंगांचा कायदा, याचे ३५ वे कलम वाचावे. सक्तमजुरीच्या कैद्याकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, हा त्याचा पहिला भाग. दुसऱ्या भागात असे म्हटले आहे की वैद्यकीय अधिकाऱ्याने कामावरच्या कैद्यांना वेळोवेळी तपासावे आणि निदान पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाचे वजन त्याच्या ‘हिस्टरी तिकिटा’वर नोंदवून घ्यावे. एखाद्या कामाने कैद्याची प्रकृती ढासळते आहे असे डॉक्टरचे मत पडले तर त्याला त्या कामावरून काढावे, हा तिसरा भाग. ही तीन वाक्ये एकामागोमाग वाचली की वजनकाट्याचे प्रयोजन लक्षात येते. सरकारला कैद्याच्या शरीराची काळजी होती ती त्या शरीराकडून काम घ्यायचे होते म्हणून. हे कलम बोलते ते कामावरच्या कैद्यांविषयीच. साध्या कैदेचा माणूस, खटल्याच्या तारखेची वाट पाहत बसलेला कच्चा कैदी, यांच्या पंधरवडी वजनाचा त्यात उल्लेख नाही.

याच कायद्याचे ४६ वे कलम शिक्षांचे. त्यात अन्न तोडण्याचीही एक शिक्षा आहे. मर्यादा अशी की ती सलग ९६ तासांपलीकडे लांबवायची नाही, आणि नवा गुन्हा घडल्याशिवाय व मध्ये एक आठवडा गेल्याशिवाय पुन्हा द्यायची नाही. ५० व्या कलमाने आणखी एक अट घातली: डॉक्टरने तपासून ‘सोसेल’ असा दाखला दिल्याशिवाय ही शिक्षा अमलात आणता येणार नाही. उपासमारीचे माप ठरवून देणारा आणि तिच्यावर डॉक्टरची सही मागणारा हा कायदा आहे. तो क्रूर होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण उपाशी माणसाला किती तासांनी इजा होते याची जाण ज्यांना होती, अशांनीच तो लिहिला होता, हे जास्त ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही जाण आली कुठून? बरीचशी दुष्काळातून. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याला विरोध केला. मुंबई इलाख्यातही हे माप लागू झाले तेव्हा मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सभेचा एक मुद्दा बिनतोड होता: तुरुंगातल्या गुन्हेगाराला जेवढे अन्न मिळते तेवढेही या निरपराध लोकांना मिळत नाही. तुरुंगात माणसे मोजलेली असतात, अन्न तोललेले असते आणि मेलेला प्रत्येक जण अहवालात येतो. म्हणून अन्न किती कमी केले म्हणजे काय होते, हे पाहण्याची जागा म्हणजे तुरुंग, असे त्या काळच्या डॉक्टरांना वाटत असे.

आता टिळकांकडे येऊ. अणे हे टिळकांचे अनुयायी. १९१७ च्या जानेवारीत टिळक स्वराज्यसंघाच्या प्रचारासाठी वऱ्हाडात फिरले तेव्हा यवतमाळलाही आले होते. पण इथे हवा आहे तो त्यांचा पहिला मोठा तुरुंगवास. १४ सप्टेंबर १८९७ रोजी न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्यांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. ज्युरीत सहा जण दोषी म्हणणारे, तीन जण निर्दोष म्हणणारे. आधी डोंगरीचा तुरुंग, मग भायखळा, मग येरवडा. काम काथ्याचे. जेवणात जाडीभरडी भाकरी आणि कांदा-लसूण घातलेले कालवण. टिळकांना कांदा-लसूण चालत नसे, म्हणून ते भाकरी पाण्यात भिजवून खात. पहिल्या काही महिन्यांत त्यांचे वजन पंचवीस-तीस पौंडांनी, म्हणजे अकरा ते साडेतेरा किलोंनी उतरले, असे चरित्रकार सांगतात.

हा आकडा आला कुठून, याचा विचार करण्याजोगा आहे. पौंडातली घट डोळ्यांनी मोजता येत नाही. घरच्या माणसांना फार तर ‘खंगले’ एवढेच म्हणता येते. आकडा आला तो तुरुंगाच्या काट्यावरून. ज्या कलमाने टिळकांना काथ्या कुटायला बसवण्याचे तास ठरवले, त्याच कलमाने दर पंधरवड्याला त्यांना काट्यावर उभे केले. सरकारच्या कागदानेच सरकारविरुद्ध साक्ष दिली, असे म्हणायला हरकत नाही. मॅक्स म्यूलर आणि सर विल्यम हंटर यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला. ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक मुदतीआधी सुटले आणि प्रकृती सुधारण्यासाठी सिंहगडावर जाऊन राहिले.

या घटीचे सगळे खापर भाकरीवर फोडणे मात्र साधार लेखनात बसत नाही. तिच्यात मजुरी होती, मनस्ताप होता, आणि जे समोर आले ते न खाण्याचा संस्कारही होता. त्याच कालवणावर शेजारच्या बराकीतला शेतमजूर कदाचित टिकला असेल. कदाचित तोही खंगला असेल, पण त्याचे चरित्र कुणी लिहिले नाही. मंडालेच्या सहा वर्षांबद्दल तर आणखी जपून बोलले पाहिजे, कारण तोवर टिळकांना मधुमेह जडला होता आणि त्यांचा जवाचा आहार हा औषधाचा भाग होता. आणि उलटे उदाहरणही आहे. १९२१-२२ मध्ये अजनीच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगून डॉ. हेडगेवार बाहेर आले तेव्हा त्यांचे वजन वाढलेले होते आणि जुना कोट अंगाला घट्ट होत होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तुरुंगात गेलेला प्रत्येक माणूस वाळूनच बाहेर येतो, असे गृहीत धरले की कागद वाचण्याची गरजच उरत नाही.

सावरकर बंधूंचा कागद याहून स्पष्ट आहे. जानेवारी १९२० मध्ये त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव सावरकर यांनी गांधीजींना पत्र लिहिले. अंदमानातल्या दोघा भावांची प्रकृती पार खालावली आहे, पूर्वी ११८ पौंड असलेले वजन ९५ ते १०० पौंडांवर आले आहे, दवाखान्याचा आहार मिळूनही सुधारणा दिसत नाही, निदान हिंदुस्थानातल्या बऱ्या हवेच्या एखाद्या तुरुंगात तरी त्यांना हलवावे, असा त्याचा आशय. नारायणराव स्वतः वैद्यकी करणारे. त्यांनी विशेषणे खर्च केली नाहीत, आकडे दिले. ११८ वरून १०० म्हणजे पंधरा टक्के घट. ९५ म्हणजे जवळजवळ वीस टक्के. ‘दवाखान्याचा आहार मिळूनही’ हे त्या पत्रातले सर्वांत जड शब्द आहेत, आणि ते का, हे पाहण्यासाठी थोडे शरीरशास्त्रात शिरावे लागेल.

अन्न एकदम तुटले की पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते. त्यात चरबी थोडी आणि पाणी जास्त असते. यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते. साखर संपली की ते पाणीही जाते. पाठोपाठ शरीर चरबीकडे वळते, पण स्नायूंनाही सोडत नाही, आणि हृदय हाही एक स्नायूच आहे. नाडी मंदावते, थंडी सोसत नाही, जखम भरत नाही, साधा ताप किंवा हगवण जीवावर बेतते. पुढे पायांवर सूज येऊ लागते आणि इथे काटाही फसवतो. मांस झडत असते आणि त्याची जागा पाणी घेत असते, त्यामुळे तिकिटावरचा आकडा स्थिर राहतो. पंधरवड्याच्या वजनाबरोबर घोटा दाबून पाहिला नाही तर ते वजन निरर्थक आहे.

१९४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी हे सारे मोजून पाहिले. सैन्यात जायला तात्त्विक कारणाने नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेने तयार झाले. त्यांना २४ आठवडे रोज साधारण १,५७० उष्मांकांचे अन्न दिले गेले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले. अशक्तपणा अपेक्षित होता, पण त्याखेरीज जे दिसले ते जास्त बोलके होते. ती माणसे चिडकी आणि उदास झाली, एकमेकांना टाळू लागली, दिवसभर अन्नाखेरीज दुसरे काही त्यांना सुचेना, ताट चाटून पुसून घेऊ लागली. तुरुंगाच्या नोंदींत ‘उद्धट’, ‘आळशी’, ‘कामचुकार’ असे शेरे वाचताना हा प्रयोग आठवावा. ज्या वर्तनाबद्दल अन्न तोडण्याची शिक्षा व्हायची, ते वर्तन काही वेळा उपासमारीनेच घडवलेले असेल.

वजन हा एकच निकषही पुरेसा नाही. यवतमाळ हा ज्वारी खाणारा मुलूख. ज्वारीच्या भाकरीने पोट भरते. पण महिनोन्‌महिने ज्वारीवरच राहिले, डाळ पातळ, दूध-भाजी नावाला, तर पेलाग्रा होऊ शकतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी त्याचा संबंध असल्याचे मांडले. पॉलिश केलेल्या तांदळावर राहणाऱ्यांत बेरीबेरी, ताज्या भाजीअभावी स्कर्व्ही, ही तर तुरुंगांची आणि जहाजांची जुनी दुखणी. अशा कैद्याचे वजन कदाचित दोन-चार पौंडांनीच कमी भरेल.

आणि ‘दवाखान्याचा आहार’? दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम घसरते, ब१ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठा संपतो, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि उपाशी असताना तगलेला माणूस जेवून दगावतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्या मुक्त झाल्या तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर दिसले. आजच्या वैद्यकात तीन ते सहा महिन्यांत पंधरा टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणे हे एकटे लक्षणसुद्धा या धोक्याची खूण मानतात. सावरकर बंधूंच्या पत्रातली घट याच रेषेवर किंवा तिच्यापलीकडे आहे. फरक इतकाच की ती काही महिन्यांची नसून अनेक वर्षांच्या कैदेची होती, त्यामुळे आजचे माप तिला जसेच्या तसे लावता येणार नाही. शरीर सावकाश खंगत गेले की ते कमीत भागवायला शिकते, म्हणून वेग हा वेगळा नोंदवावा लागतो. पंधरवड्याच्या वजनाची खरी किंमत त्या वेगात आहे. एका तारखेचे वजन फारसे काही सांगत नाही. सहा तारखांची ओळ बरेच सांगते.

१९२९ मध्ये हा विषय उलट्या बाजूने पेटला. लाहोर तुरुंगात राजकीय कैद्यांना बरी वागणूक मिळावी म्हणून उपोषण झाले. नळीने जबरदस्तीने अन्न घालण्याचे प्रयत्न झाले. १३ सप्टेंबर १९२९ रोजी, ६३ व्या दिवशी, जतींद्रनाथ दास वारले. त्यानंतर १९३० च्या आरंभी कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग झाले. म्हणजे जुलैत पुसदला गवत कापणारे आत गेले ते या ताज्या वर्गवारीत. शिक्षण, राहणीमान, समाजातले स्थान पाहून अन्न ठरणार होते. वकील-डॉक्टरांसाठी वरचे वर्ग, आणि बैलाला चारा हवा म्हणून सत्याग्रहात आलेल्या कुणब्याला, बंजाऱ्याला, गोंडाला ‘क’. एकाच जंगलातले एकच गवत कापून ताटे मात्र वेगवेगळी. जतीन दासांच्या मरणाने मिळालेली सवलत मुख्यतः शिकलेल्यांच्या पदरात पडली. हा त्या वर्गवारीचा दोष होता आणि तो आपल्या राष्ट्रीय इतिहासलेखनात अजून पुरता उतरलेला नाही.

अण्यांच्या आयुष्यात हा प्रश्न बारा वर्षांनी परत आला, आणि या वेळी ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. १९४१ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला उठाव झाला, मग लष्कर आले आणि गावातल्या स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या तक्रारी झाल्या. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी चौकशीची मागणी घेऊन नोव्हेंबरात दिल्लीला गेले ते थेट अण्यांच्या घरी. मंडळातला हा शेजारच्या जिल्ह्याचा माणूस, त्याने चिमूरला येऊन पाहावे, एवढे मागणे. ते मान्य झाले नाही आणि भन्साळी तिथेच उपोषणाला बसले. त्यांना पकडून दिल्लीबाहेर पाठवले. उपोषण पुढे चालले, एकूण ६३ दिवस, १२ जानेवारी १९४३ पर्यंत. सरकारने त्याच्या बातम्यांवर बंदी घातली. निषेध म्हणून ६ जानेवारीला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढले नाहीत. त्या उपोषणाचा रोजचा आलेख छापील कागदावर न उमटण्याचे कारण हे असे लेखी हुकुमातच आहे.

महिन्याभरात नेमके याच्या उलट घडले. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. इथे सरकार स्वतःच प्रकृतीची पत्रके काढत होते. सरकारी बाजूने सर्जन जनरल कँडी, कर्नल भंडारी आणि कर्नल शहा, दुसऱ्या बाजूने बिधनचंद्र रॉय, सुशीला नय्यर आणि स्वतः कैदेत असलेले मुंबईचे डॉ. गिल्डर. या सहा जणांच्या पत्रकात रक्तात विषारी द्रव्ये साठत असल्याचा इशारा आला. २१ फेब्रुवारीच्या सुमारास प्रकृती फारच ढासळली आणि पाण्यात मोसंब्याचा थोडा रस घालावा लागला. ३ मार्चला पाणी घातलेला संत्र्याचा रस घोटाघोटाने घेऊन उपवास सुटला. उपवास सोडण्याची ही सावकाश रीत आश्रमातली जुनी होती, आणि फॉस्फेटचे कोष्टक हाती नसतानाही ती बरोबर होती.

अण्यांनी तोवर वाट पाहिली नाही. १७ फेब्रुवारीला होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह त्यांनी मंडळाचा राजीनामा दिला. भन्साळींच्या वेळी त्यांनी तो दिला नव्हता. या दोन निर्णयांत तीन महिन्यांचे अंतर आहे, आणि माझ्या मते त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचे मूल्यमापन करताना दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या पाहिजेत. एका उपोषणाची बातमी दाबता आली, दुसऱ्याची रोज छापावी लागली. मंडळावरचा दबाव या फरकातूनच आला असावा. अण्यांची करुणा भन्साळींच्या वेळी कमी आणि गांधीजींच्या वेळी जास्त होती, असे मानायला कागदांचा आधार नाही.

पुढे अण्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत श्लोकांत लिहिले. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या त्या ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टिळकांची पाण्यात भिजवलेली भाकरी आणि स्वतः पाहिलेला तुरुंग, दोन्ही ठाऊक असलेला हा लेखक होता.

शिक्षा म्हणून कैद्याचे अन्न किंवा पाणी कमी करणे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी, त्यांतल्या ४३ व्या नियमाने, निषिद्ध ठरवले आहे. भारतातल्या तुरुंगांत आज दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे १८९४ च्या ३५ व्या कलमाने ज्यांच्या वजनाबद्दल काही म्हटलेच नव्हते असे. आपला माणूस आत असेल तर वकिलामार्फत न्यायालयाकडे त्याच्या वैद्यकीय नोंदी मागाव्यात, आणि त्यांत एकच वजन असेल तर आधीची वजनेही मागावीत.

आणि एक विनंती यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड इकडच्या वाचकांना. घरातल्या जुन्या पेटीत १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या कुणाचे तुरुंगातून आलेले पत्र, सुटकेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी असे काही सापडले तर ते रद्दीत घालू नका. त्यात वजनाचा आकडा असेल तर तारखेसह उतरवून घ्या. ‘क’ वर्गातल्या माणसांचा इतिहास लिहायला आपल्याकडे दुसरे साधन फारसे नाही.